सिद्रामप्पांनी ताट लाथाडलं तेव्हा

चौकशी करायची तर ती रीतसर करावी, असं माझं ठाम मत आहे. या मतापायी मी माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न जवळजवळ मोडून दाखवलं, आणि तेही सगळे साक्षीदार माझ्या बाजूनं असताना.

साखरपुडा धाराशिवला आमच्याच घरी, गच्चीवर मांडव घालून झाला. मुलगी आरोही पशुवैद्य, तेरखेड्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात. मुलगा रेवणसिद्ध साखर कारखान्यात केमिस्ट. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले, म्हणून चुलत्यांनी, सिद्रामप्पांनी, त्याला वाढवलं. तेव्हा त्या बाजूचा सगळा मान सिद्रामप्पांचा. जळकोटजवळ मोठी शेती, ताडमाड उंची, परीटघडीचं धोतर आणि राग. रागाबद्दल रेवणनंच हसत हसत सांगितलं होतं की भर पेरणीत बंद पडला म्हणून काकांनी एका ट्रॅक्टरशी पुढं वर्षभर अबोला धरला होता.

बुफेला मी पहिल्यापासून विरोध केला. पाहुण्यानं हातात ताट धरून रांगेत उभं राहायचं आणि यजमानानं लांबून बघायचं, याला माझ्या घरात तरी जेवण म्हणत नाहीत. पंगतच बसवली. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर, शेंगापोळी, आंबट वरण. वडीलधाऱ्यांची पंगत निम्म्यात आली आणि खालून टँकरवाल्यानं हाक मारली. त्याचा पाइप टाकीपर्यंत पोचत नव्हता. आमच्या गावात टँकरवाल्यानं हाक मारल्यावर ‘थांब’ म्हणण्याची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. मी खाली पळालो. पाइप, टाकी, टँकरवाला आणि त्याचा स्वभाव असं सगळं जुळवून वर आलो, तर सिद्रामप्पांची जागा रिकामी. पंगत बसलेली, माणूस नाही, ताट नाही. खाली त्यांची जीप निघून गेली होती.

पंगत उठायच्या आधी उठणं म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्याकडं त्यावरून सोयरिकी मोडल्या आहेत, आणि ज्या मोडल्या नाहीत त्या ठिकाणी अजून टोमणे चालू आहेत.

मी फोन लावले. सिद्रामप्पा उचलेनात. त्यांच्याकडची बाकी मंडळी वेगळ्या गाडीनं आलेली, त्यांनाही काही माहीत नव्हतं. रेवणला विचारलं तर तो म्हणाला, “अप्पा, मी साखरपुड्यावरून सरळ कारखान्यावर आलो. हंगाम चालू आहे, सुट्टी नाही. काका माझ्याशीही नीट बोलत नाहीत.”

आता मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. निम्मं आयुष्य पंचनाम्यात गेलं. गारपीट असो, जळीत असो, बांध कोरलेला असो, साक्षीदाराकडून नेमकं कसं काढून घ्यायचं हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला साधत नव्हतं, अशी निदान माझी तरी समजूत होती. म्हटलं, रुसायचं नाही, चिडायचं नाही. आधी वस्तुस्थिती गोळा करायची.

सुरुवात घरातून केली. बायकोला, इरम्माला, समोर बसवलं.

“सिद्रामप्पांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा तू कुठं होतीस?”

“मी तूप आणायला चालले होते. ते उठताना दिसले.”

“ताट सारूनच उठले ना?”

“अहो, उठायचं म्हणजे ताट सारावंच लागणार की. काय त्यातूनच चालत जातील?”

मी मनात नोंद केली. ताट सारलं. एक साक्षीदार.

दुसरा ज्ञानोबा. शेजारच्या बंगलीतला, कुणाच्याही घरी कार्य असलं की हौसेनं वाढायला उभा राहणारा. त्या दिवशी हुग्गीची बादली त्याच्याकडं होती. मी विचारलं, “ज्ञानोबा, सिद्रामप्पांनी ताट ढकललं, तेव्हा हुग्गी किती सांडली?”

“ढकललं?” ज्ञानोबा डोकं खाजवत म्हणाला. “म्या वाकून वाढत हुतो, दादा. पर आता तुमी म्हणताय तर… व्हय, सांडली असंल की. खाली लई चिकट झालं हुतं बघा.”

पंगतीनंतर भुई चिकट होते, हे मला माहीत होतं. पण चौकशीत असल्या फाटे फोडणाऱ्या गोष्टींना थारा देऊन चालत नाही.

तिसरे लालमहंमदभाई. समोरच्या घरात राहतात, त्यांची लाकडाची वखार आहे. पंगतीच्या वेळी ते जिन्याजवळ खुर्ची टाकून आले-गेले बघत होते. तोवर माझ्याही आवाजात थोडी धार आली होती. “लालमहंमदभाई, ताट भिरकावल्याचा आवाज कसा आला हो?”

त्यांनी डोळे मिटले. त्यांना कुठलीही गोष्ट मन लावून करायची सवय. “आवाज… हौ जी, आला ना! खण्णकन आला. खांबाला लागलं असंल.”

“कुठल्या खांबाला? डावीकडच्या?”

“हौ, डावीकडच्याच.”

मांडवाला डावीकडं खांब नव्हताच. तिकडं दोऱ्या गच्चीच्या कठड्याला बांधल्या होत्या. पण हे मला तेव्हा आठवलं नाही. उलट खांब आठवला. त्याला गुंडाळलेल्या झेंडूच्या माळेसकट आठवला.

चौथ्या साक्षीदाराला बोलवावंच लागलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या धुरपदाबाई स्वतःच काठी टेकत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “लाथाडलं! म्या या डोळ्यांनी बघितलं. जेवत्या ताटाला लाथ म्हंजी लक्षुमीला लाथ. शरणप्पा, असल्या घरात पोरगी देतो व्हय?”

इतका स्पष्ट जबाब मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी त्यांना चहा पाजला.

त्या संध्याकाळी गच्चीत एकटाच उभा होतो आणि एकदम सगळं दिसलं. सिद्रामप्पा उठतात, डोळे लाल, पाय उचलतात. ताट भिंगरीसारखं फिरत जातं, खांबावर आपटतं, हुग्गीचा ओघळ झेंडूवरून खाली येतो. आवाज तर असा की माझ्या कानठळ्या बसल्या. मुलीचा बाप म्हणून मी आयुष्यात कुणापुढंही वाकायला तयार होतो, पण माझ्या दारात, माझ्या पंगतीत, स्टीलच्या नव्या ताटाला लाथ! आत जाऊन इरम्माला म्हणालो, “मी स्वतः पाहिलं.” ती बिचारी म्हणाली, “मग आधी बोलला नाहीत ते?” मी म्हणालो, “धक्क्यानं विसरलो होतो.”

पुढं हे प्रकरण माझ्या हातात राहिलं नाही. कॉलनीत ज्येष्ठ नागरिकांची एक समिती आहे, तंटे सामोपचारानं मिटवण्यासाठी. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, “तक्रारदार कोण?” मी म्हणालो, “तक्रार अशी नाही, नुसता सल्ला हवा.” ते म्हणाले, “तक्रार नाही तर तंटा नाही. तंटा नाही तर आम्ही मिटवायचा काय? आधी तंटा दाखल करा.” नियमाप्रमाणं त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी तोंडी तंटा दाखल केला. त्यावर त्यांनी माझे चारही साक्षीदार एकत्र बसवले आणि प्रत्येकाला माझेच प्रश्न पुन्हा विचारले. माझ्या वेळी ज्ञानोबाला हुग्गी सांडल्यासारखी वाटली होती. समितीपुढं ती त्याच्या पायावर सांडली, आणि गरम होती. लालमहंमदभाईंच्या जबाबात सिद्रामप्पा ओरडलेही. काय ओरडले, यावर मात्र मतभेद झाले आणि समितीनं बहुमतानं एक शिवी निश्चित केली.

अशी शिवी ठरल्यावर ती घरात बसत नाही. वखारीत जळकोटकडची गिऱ्हाइकं येत, तिथून ती पलीकडं पोचली. रेवणच्या मामांचा इरम्माला फोन आला, “आमच्या सिद्रामप्पांचं चुकलंच, पण तुम्ही गावभर…” इरम्मा रडायला लागली. मी साखरपुड्याची साडी आणि नारळ परत पाठवायचं ठरवलं, आणि कळवण्यासाठी म्हणून आरोहीला फोन केला.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “अप्पा, मी शनिवारी येते. तोपर्यंत साडी हलवू नका आणि एक करा. कुणालाही काही विचारू नका.”

मला ते जरा लागलं. पण ती कामाची मुलगी. तिच्या हाताखाली बैल गुमान उभे राहतात, मी तर तिचा बाप.

शनिवारी आली, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसली. मला वाटलं, आता वाद घालणार. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, “अप्पा, त्या दिवशी पंगत बसल्यापासून तुम्ही काय काय केलं ते सांगा.”

मी लाथेपासून सुरुवात करणार होतो. ती म्हणाली, “पंगत बसल्यापासून.”

“पंगत बसली. मी सगळ्यांना आग्रह केला.”

“मग?”

“मग टँकरवाल्यानं हाक मारली. मी खाली गेलो.”

“मग?”

“त्याचा पाइप पोचत नव्हता. भांडलो, जोड आणायला लावली, टाकी भरायला लागली, मग वर आलो.”

“वर आलात तेव्हा काय दिसलं?”

“सिद्रामप्पांची जागा रिकामी…” मी म्हणालो आणि थांबलो.

ती काही बोलली नाही. ‘बघा, मी सांगत नव्हते’ असा चेहरासुद्धा केला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते ताट अजून फिरतच होतं, खांबाकडं निघालेलं. पण मी तर त्या वेळी तळमजल्यावर, पायात पाइप गुंडाळून उभा होतो! मी पाहिलं कुठून?

“आणि धुरपदाबाईंनी?” मी शेवटचा आधार धरला.

आतून इरम्मा हळूच म्हणाली, “अहो, त्या दिवशी त्या लातूरला होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन. मीच डबा पाठवला होता.”

या डोळ्यांनी बघितलं, म्हणाल्या होत्या त्या!

“अप्पा, कुणी खोटं बोललं नाही,” आरोही म्हणाली. “जनावराला बोलता येत नाही, म्हणून मला मालकाला विचारावं लागतं. ‘म्हैस चारा खात नाही का?’ विचारलं की मालक म्हणतो, न्हाय खात. ‘थोडा खाते ना?’ म्हटलं की म्हणतो, व्हय, थोडा खाती. माणूस डॉक्टरला नाराज करत नाही. आणि एकदा हो म्हणाला की रात्रीतून त्याला तसंच आठवायला लागतं. दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगतो. त्यामुळं मी आता नुसतं विचारते, सकाळपासून काय काय झालं? आणि गप्प बसते. गप्प बसणं फार अवघड असतं.”

मी कचेरीत साहेबांसमोर गप्प बसलो होतो, पण ते गप्प बसणं वेगळं. हे मला ठाऊक नव्हतं. एवढीशी पोर, शेणात हात घालून हे शिकली होती, आणि मी पंख्याखाली बसून जबाब घेत होतो.

“सगळ्यांना विचारलंत,” ती उठता उठता म्हणाली, “काकांना कुणी विचारलं का?”

आम्ही दोघं गाडी काढून जळकोटकडं निघालो. वस्तीवर पोचलो तर सिद्रामप्पा अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठले आणि मी उतरायच्या आतच हात जोडले. एवढा धिप्पाड माणूस, पण खांदे पाडून उभा.

“पाव्हणं, माफी करा. चुकलंच माजं. ताट लाथाडलं म्या. फोन उचलायचं त्वांड न्हवतं मला.”

मी आरोहीकडं पाहिलं. मन एकदम फुशारलं. कबुली! रीतसर, स्वखुशीची, कुणी दबाव न आणता दिलेली कबुली! माझे साक्षीदार खोटे नव्हते तर! क्षणभर मला आनंदच झाला. माझ्या मुलीचं लग्न मोडत होतं याचा नव्हे, माझी चौकशी बरोबर निघाली याचा. माणूस काय काय असतो.

आरोही मात्र बाजेसमोर खाली बसली. “काका, माफीचं नंतर बघू. पंगतीला बसलात तिथनं सांगा.”

“सांगायचं काय बाई, लाथाडलं…”

“बसलात. मग?”

“बसलो. तुज्या बापानं आग्रह केला. हुग्गी दोनदा घेतली. लई ग्वाड हुती.”

“मग?”

“मग फोन वाजला. घरनं. म्हस अडली म्हून. पहिलारू म्हस, सकाळधरनं कळा देत हुती. रेडकाचा पाय उलटा आला म्हनाले.” त्यांनी घाम पुसला. “माजा जीव उडाला. म्हशीचं कुनाला सांगू? समोर साखरपुडा, मानसं जेवत्यात. उठाया पायजे हुतं.”

“मग?”

“मग…” सिद्रामप्पा थांबले. आरोही थांबली. माझ्या तोंडात ‘मग रागानं उठलात का?’ एवढं आलं होतं. मी ओठ दाबून धरले. गोठ्यातून साखळीचा आवाज येत होता.

आणि मग त्यांचे हात आपोआप हलायला लागले. डाव्या हातानं तांब्या उचलल्यासारखं केलं, थोडं पाणी ओतल्यासारखं केलं, उजव्या हाताची बोटं हवेत गोल फिरवली, दोन्ही हातांनी काहीतरी उचललं आणि तोंडाशी तिरकं केलं. आणि तसेच राहिले, ओंजळ ओठांपाशी.

“आगं,” ते पुटपुटले. “ताट धुऊन पिलो की म्या.”

आमच्यात जुनी माणसं असंच करतात. जेवण झालं की ताटात पाणी घालून ते पिऊन टाकायचं. अन्नाचा कण मागं ठेवायचा नाही. घाई कितीही असो, सिद्रामप्पांनी आयुष्यात ते चुकवलं नव्हतं. धुतलेलं लखलखीत ताट त्यांनी जाता जाता कडेच्या कोऱ्या ताटांवर ठेवलं, तेही आता त्यांना आठवलं. म्हणून जागेवर ताट नव्हतं!

“मग लाथाडलं असं का वाटलं, काका?”

“समदेच म्हनाले. रेवणचा मामा म्हनला, दुकानात म्हनले, बाजारात म्हनले. पंगतीतनं उठलो ह्याचीच आदी लाज हुती, म्हून तुज्या बापाचा फोन उचलला न्हाय. लाथेचं पयले म्या न्हायच म्हनत हुतो. मग वाटलं, एवढी मानसं कशाला खोटं बोलतील? आन् माजा राग तर जगाला म्हाईत. गडबडीत लागली असंल लाथ. रोज रातच्याला मला त्यो आवाज याया लागला बाई. खण्णकन.”

मी मान खाली घातली. तो आवाज त्यांच्या कानात मीच घातला होता. मी बाजेजवळ गेलो, त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि माझेच जोडले. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, आणि या बाबतीत आता मी कुणालाही विचारणार नाही.

“पर मला एक कळंना,” शेवटी ते आरोहीला म्हणाले, “तू डागदर हायस, हे म्हाईत असून म्या तुला सांगितलं न्हाय. सून म्हून येनाऱ्या पोरीला साखरपुड्यातनं उठवून ‘चल, म्हशीच्या पोटात हात घाल’ कसं म्हनू?”

आरोही पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. “म्हणायचं की. साडी खोचून आले असते. म्हैस कुठाय?”

म्हैस बरी होती. रेडकू आमच्याकडं बघून आईच्या पोटाखाली लपलं. आरोहीनं तिथंही मालकाला एकच विचारलं, “त्या दिवसापासून कशी आहे?” आणि सिद्रामप्पा सांगत राहिले, चाऱ्याचं, दुधाचं, रात्री हंबरण्याचं. ती मान हलवत म्हशीच्या अंगावरून हात फिरवत राहिली. मी गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होतो. मोठमोठे साहेब पाहिले मी, तपासणीला आलेले आयुक्त पाहिले. समोरच्या माणसाकडून खरं काढायची अशी तयारी एकाचीही नव्हती. तिथं ओरडणं नव्हतं, अडकवणं नव्हतं. फक्त वाट बघायची, आणि त्या वाट बघण्यात माणसाला वाटावं की आपलं ऐकलं जातंय.

हुग्गी खाल्ल्याशिवाय सिद्रामप्पांनी सोडलं नाही. निघताना त्यांनी रेवणला फोन लावून ओरडून सांगितलं, “आरं, म्या लाथाडलंच न्हवतं!” पलीकडून रेवण काय म्हणाला ते कळलं नाही, पण काका हसले.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी हळूहळू चालली होती. समितीपुढं दाखल केलेला तंटा आता रद्द कसा करायचा, त्याला काही नियम असेल का, हे मी मनात घोळवत होतो. मग म्हटलं, बापानंही एकदा नीट चौकशी करावी.

“आरोही, रेवण तुला पसंत आहे ना?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अप्पा, परत तेच.”

मला समजायला एक ट्रॉली ओलांडावी लागली. स्थळ आलं तेव्हाही मी हाच प्रश्न विचारला होता, अगदी याच शब्दांत, आणि ती ‘हो’ म्हणाली होती. ते ‘हो’ घेऊन मी सगळीकडं पेढे वाटले होते.

मी घसा साफ केला. “बरं. रेवण… कसा आहे?”

ती गप्प राहिली. मीही राहिलो. हे खरोखरच फार अवघड असतं. जीभ आतून धडका देते. ‘स्वभावानं बरा आहे ना?’, ‘घरचे बरे आहेत ना?’ असे किती प्रश्न गिळले, मोजता येणार नाहीत.

मग ती बोलायला लागली. तो हसताना आधी आवाज येतो आणि मग चेहरा हसतो. एकदा ती अडलेली गाय सोडवायला गेली तेव्हा तो रात्रभर बॅटरी धरून उभा राहिला आणि सकाळी चक्कर येऊन पडला. लग्नानंतर दवाखाना सोडायचा नाही असं तिनं त्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, सोडणार असशील तर मला आधी सांग, मी लग्नाचा फेरविचार करीन. त्याला साखर अजिबात आवडत नाही. त्याला काकांची भीती वाटते. तिलाही कधी कधी या सगळ्याची भीती वाटते.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

“तुम्ही विचारलं नव्हतं, अप्पा.”

पुढं रस्ता मोकळा झाला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढं निघून जात होत्या. मी गाडीचा वेग वाढवला नाही.

“मग?” मी म्हणालो.